कोणती अमेरिका? : प्रांतोप्रांतीचे वसाहतकार आणि संस्कृतीचा वारसा

१

भारतीय भाषांच्या वाङ्मयेतिहासांत 'अमेरिकन प्रभाव' हा शब्दप्रयोग आता चांगलाच रूढ झालेला आहे. या शब्दप्रयोगात एक गृहीत दडलेले असते, आणि ते असे की, अमेरिका हा एकजिनसी संस्कृतीचा देश आहे. एखाद्या परदेशी अभ्यासकाने आपल्यासमोर 'भारतीय प्रभाव' असा शब्द उच्चारला तर आपण त्याला तत्काळ विचारू की, कोणत्या भाषेचा, कोणत्या प्रांताचा, कोणत्या पंथाचा? अमेरिकेसंबंधी हाच प्रश्न विचारण्याची सवय मात्र आपल्याला लागलेली नाही. त्या देशाचा विस्तार, त्याची एक भाषा आणि त्याचे एक संविधान यांमुळे तेथील प्रांतभेद आपल्या दृष्टीला पडत नाहीत.

वस्तुतः ज्या लोकांनी सतराव्या आणि अठराव्या शतकांत अटलांटिकच्या पश्चिम किनाऱ्यावर वसाहती केल्या, ते स्वतःला प्रथमतः 'इंग्रज' म्हणवीत असले तरी इंग्लंडच्या निरनिराळ्या मुलखांतून आलेले होते. त्यांच्या बोली वेगळ्या होत्या, उपासनेच्या पद्धती वेगळ्या होत्या, आणि जमीन, शिक्षण, सत्ता व स्त्री यांविषयीच्या कल्पनाही वेगळ्या होत्या. या भेदांनी अमेरिकेचा इतिहास कसा घडविला याचा विचार तेथील इतिहासकार, भूगोलज्ञ आणि भाषाशास्त्रज्ञ यांनी गेल्या शंभरसव्वाशे वर्षांत केलेला आहे. त्या विचाराचा परिचय करून देणे, त्याच्या मर्यादा दाखविणे आणि मराठी वाङ्मयाच्या एका प्रकरणावर त्याचा प्रकाश कसा पडतो हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वसाहतकारांचा वारसा मुख्यतः त्यांच्या वंशजांच्या रक्तातून पुढे गेला नाही, तो त्यांनी उभारलेल्या संस्थांतून पुढे गेला, आणि म्हणूनच त्यांच्याशी कोणतेही नाते नसलेल्या माणसांनाही तो मिळू शकला, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हर्बर्ट बॅक्स्टर ॲडम्स या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील इतिहासकाराने न्यू इंग्लंडमधील गावसभेचे मूळ थेट प्राचीन जर्मानिक टोळ्यांच्या ग्रामव्यवस्थेत शोधले होते. संस्थांचे 'बीज' युरोपच्या अरण्यांतून इंग्लंडमार्गे अमेरिकेत आले, अशी ही उपपत्ती होती. त्याच विद्यापीठात शिकलेल्या फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी १८९३ साली शिकागो येथे वाचलेल्या निबंधात तिला छेद दिला. अमेरिकन माणूस घडला तो युरोपातून आणलेल्या बीजामुळे नव्हे, तर पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या सीमाप्रदेशातील मोकळ्या जमिनीच्या अनुभवामुळे, असे त्यांचे म्हणणे होते. टर्नर यांचा निबंध दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. तथापि, सीमाप्रदेश सर्वांना सारखाच घडवीत असेल तर त्यातून निरनिराळे प्रदेश का निर्माण व्हावेत, हा प्रश्न शिल्लक राहिला. आणि स्वतः टर्नर यांनीही आपल्या उत्तरायुष्यात प्रादेशिक विभागांच्या अभ्यासाकडे लक्ष वळविले.

या प्रश्नाला एक उपयुक्त उत्तर भूगोलज्ञ विल्बर झेलिन्स्की यांनी १९७३ साली दिले. एखाद्या रिकाम्या झालेल्या किंवा केलेल्या भूभागावर जो समूह पहिल्यांदा टिकाऊ समाज उभा करतो, त्याचे संस्कार त्या भूभागाच्या पुढील इतिहासावर त्याच्या संख्येच्या मानाने फार मोठे ठसे उमटवितात; नंतर येणारे लोक कितीतरी अधिक असले तरी त्यांना त्या चौकटीत आपली जागा शोधावी लागते. यालाच त्यांनी पहिल्या परिणामकारक वसाहतीचा सिद्धान्त म्हटले. पुढे १९८९ साली डेव्हिड हॅकेट फिशर यांचा 'ॲल्बियन्स सीड' हा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ब्रिटनमधील चार प्रदेशांतून आलेल्या चार लोकसमूहांच्या लोकरीतींचे विस्तृत वर्णन आहे. बोली, घरे, विवाह, मुलांची नावे, अन्न, पोशाख, शिक्षण, मृत्युसंस्कार, सत्ता आणि स्वातंत्र्य यांच्या कल्पना, अशा अनेक अंगांनी केलेली ही तुलना पुढील चर्चेचा पाया झाली.

२

फिशर यांच्या मांडणीतील पहिला प्रवाह प्यूरिटनांचा. १६२९ ते १६४० या काळात सुमारे २१,००० लोक मॅसॅच्युसेट्सकडे गेले. त्यांतील फार मोठा भाग पूर्व इंग्लंडमधील सफोक, एसेक्स, नॉरफोक या परगण्यांतला होता. इप्स्विच, डेडम, ब्रेनट्री, हेवरिल ही मॅसॅच्युसेट्समधील गावांची नावे त्याच मुलखातून उचललेली आहेत. हे लोक बहुधा कुटुंबांनिशी आले, आणि त्यांच्यात साक्षरतेचे प्रमाण त्या काळाच्या मानाने लक्षणीय होते. प्रत्येकाने बायबल स्वतः वाचले पाहिजे ही त्यांची धर्मश्रद्धा होती. तिच्यातूनच १६३६ साली हार्वर्ड महाविद्यालयाची स्थापना झाली, आणि १६४७ साली असा कायदा झाला की, पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक गावाने वाचन-लेखनाचा शिक्षक नेमावा आणि शंभर कुटुंबांच्या गावाने व्याकरणशाळा चालवावी. गावचे निर्णय गावसभेत होत. याच लोकांनी १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरविला आणि तो नियम १६८१ पर्यंत चालू ठेवला. ज्ञानाविषयीची आस्था आणि आचाराविषयीचा कडकपणा हे दोन्ही एकाच मुळातून आलेले होते.

दुसरा प्रवाह व्हर्जिनियाचा. तेथील पहिली वसाहत १६०७ सालची. पण तिची समाजरचना पक्की झाली ती गव्हर्नर विल्यम बर्कली यांच्या काळात, म्हणजे १६४२ नंतर. दक्षिण आणि पश्चिम इंग्लंडमधील राजनिष्ठ घराण्यांतील धाकटे पुत्र येथे मोठ्या जमिनी घेऊन स्थायिक झाले. त्यांच्याबरोबर आलेले बहुसंख्य लोक मात्र करारबद्ध नोकर होते, आणि शतकाच्या अखेरीस त्यांची जागा गुलाम केलेल्या आफ्रिकनांनी घेतली. येथे गाव हा घटक दुबळा राहिला. काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, आणि तिच्यावर अंमल करणारी जमीनदार घराणी प्रबळ झाली. व्हर्जिनियात फुकट शाळा नाहीत आणि छापखाना नाही याबद्दल बर्कली यांनी १६७१ साली देवाचे आभार मानले होते. मॅसॅच्युसेट्समध्ये त्या वेळी छापखाना सुरू होऊन तीस वर्षे उलटून गेली होती. एकाच राजाच्या दोन वसाहतींत केवढे हे अंतर!

तिसरा प्रवाह क्वेकरांचा. विल्यम पेन यांना १६८१ साली पेन्सिल्व्हेनियाची सनद मिळाली. त्यानंतर इंग्लंडच्या उत्तर-मध्य भागातून आणि वेल्समधून वीस हजारांहून अधिक लोक डेलावेअर नदीच्या खोऱ्यात आले. प्रत्येक माणसाच्या अंतरात ईश्वरी प्रकाश असतो, या एका श्रद्धेतून त्यांचा सारा आचार निघाला होता. त्यांना पुरोहित नव्हते. शपथ घेणे त्यांना निषिद्ध होते. मोठ्यासमोर टोपी काढणे त्यांनी नाकारले. राजालाही ते सामान्य माणसासारखे एकवचनी संबोधीत. उपासनेच्या सभेत स्त्रीला बोलण्याचा अधिकार होता आणि स्त्रियांच्या स्वतंत्र सभाही होत्या. वार आणि महिने यांची नावे जुन्या देवतांवरून पडलेली असल्यामुळे ते 'पहिला महिना', 'दुसरा महिना' अशी मोजणी करीत.

चौथा प्रवाह सर्वांत मोठा, आणि आपल्या अभ्यासकांना सर्वांत कमी परिचित. अल्स्टर, स्कॉटलंडचा सखल भाग आणि इंग्लंडची उत्तर सीमा येथून १७१७ ते १७७५ या काळात, फिशर यांच्या अंदाजाप्रमाणे, अडीच लाखांच्या आसपास लोक आले. शतकानुशतकांच्या सीमायुद्धांनी घडविलेला हा समाज फिलाडेल्फियाच्या बंदरात उतरे, आणि किनाऱ्यावरच्या जमिनी आधीच व्यापलेल्या असल्यामुळे पश्चिमेला व तेथून दक्षिणेला, ॲपलेशियन डोंगरांच्या खोऱ्यांत जाई. कुळाभिमान, सरकारी अंमलाविषयी संशय आणि स्वतःच्या बळावर न्याय मिळविण्याची वृत्ती ही त्याची लक्षणे सांगितली जातात. १८२९ ते १८३७ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेले अँड्रू जॅक्सन यांचे आईवडील १७६५ साली अल्स्टरमधूनच आले होते.

३

एवढ्या वर्णनावरून एखादा असे म्हणेल की, हे भेद आरंभकाळचे असतील. पुढे रेल्वे आली, शहरे वाढली, युरोपच्या सर्व भागांतून लोक आले, तेव्हा ते पुसून गेले असतील. या शंकेचे उत्तर तीन क्षेत्रांतील पुराव्यांवरून देता येते.

पहिले क्षेत्र बोलीचे. हान्स कुराथ यांनी १९४९ साली पूर्व अमेरिकेचा शब्दभूगोल प्रसिद्ध केला. जुन्या पिढीतील लोकांना घरगुती वस्तूंची नावे विचारून तयार केलेल्या या नकाशांवर उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन पट्टे स्पष्ट दिसतात, आणि त्यांच्या सीमा अठराव्या शतकातील वसाहतींच्या सीमांशी बऱ्याच अंशी जुळतात. पाणी भरण्याच्या भांड्याला उत्तरेत 'पेल' म्हणत, तर मध्य आणि दक्षिण भागांत 'बकेट'. चतुर या किड्याला न्यू इंग्लंडकडे रफूची सुई म्हणत; पेन्सिल्व्हेनियातून पश्चिमेकडे गेलेल्या लोकांत त्याचे नाव सापाला भरविणारा असे होते, व्हर्जिनियाकडे सापाचा वैद्य, आणि दक्षिण किनाऱ्यावर डासांचा ससाणा. राज्यांच्या राजकीय सीमांना ही नावे जुमानीत नाहीत. ती वसाहतकारांच्या वाटांनी गेलेली आहेत. मार्क ट्वेन यांनी 'हकलबेरी फिन'च्या आरंभी आपण अनेक बोली विचारपूर्वक वापरल्याचे वाचकाला मुद्दाम सांगितले, त्यामागे हेच भान आहे. त्या सूचनेकडे दुर्लक्ष करून आपण ती कादंबरी 'अमेरिकन इंग्रजी'चा नमुना म्हणून वर्गात शिकवितो.

दुसरे क्षेत्र स्थानिक राज्यकारभाराचे, आणि त्यासाठी इलिनॉय राज्याचे उदाहरण पुरेसे आहे. या राज्याच्या दक्षिण भागात केंटकीकडून आलेले लोक प्रथम वसले, तर उत्तर भागात न्यू इंग्लंड आणि न्यू यॉर्ककडून आलेले. पहिल्यांना काउंटीचा कारभार परिचयाचा होता, दुसऱ्यांना गावसभेचा. वाद मिटविण्यासाठी १८४८ च्या राज्यसंविधानात प्रत्येक काउंटीला आपली पद्धत निवडण्याची मुभा देण्यात आली. उत्तरेकडील काउंट्यांनी गावपद्धत स्वीकारली. आजही राज्यातील १०२ काउंट्यांपैकी १७ काउंट्या गावपद्धतीविना चालतात, आणि त्यांतील बहुतेक दक्षिणेकडे आहेत. सतराव्या शतकातील दोन किनाऱ्यांमधला भेद हजार मैल आत येऊन एका राज्याच्या कायद्यात असा स्थिरावला.

तिसरे क्षेत्र लोकवाङ्मयाचे. हार्वर्डमधील प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात इंग्लिश आणि स्कॉटिश कथागीतांचे संकलन प्रसिद्ध केले. त्यात ३०५ कथागीते होती आणि ती मुख्यतः हस्तलिखिते व जुने छापील संग्रह यांवरून घेतलेली होती. हा प्रकार आता लोकांच्या मुखातून नाहीसा होत चालला आहे अशीच विद्वानांची समजूत होती. परंतु सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलिस हे इंग्लंडमधील संग्राहक १९१६ ते १९१८ या वर्षांत ॲपलेशियन डोंगरांत हिंडले, तेव्हा 'बार्बरा ॲलन'सारखी गीते तेथील स्त्रीपुरुष नित्याच्या व्यवहारात गात असल्याचे त्यांना आढळले. मूळ भूमीत क्षीण झालेली परंपरा वसाहतीत टिकून राहिली होती. मध्यवर्ती प्रदेशातून तुटलेल्या समूहांत जुनी रूपे दीर्घकाळ टिकतात, हा नियम भाषाभ्यासकांना नवा नाही.

४

येथपर्यंतचे विवेचन वाचून या उपपत्तीने सारे कोडे सुटते असे वाटण्याचा संभव आहे. म्हणून तिच्यावरील आक्षेपांचा विचार करणे अगत्याचे आहे. फिशर यांच्या ग्रंथावर १९९१ साली 'विल्यम अँड मेरी क्वार्टर्ली' या नियतकालिकात विस्तृत परिसंवाद झाला आणि त्यात तज्ज्ञांनी अनेक उणिवा दाखविल्या. त्यांतील काही आक्षेप मूलगामी आहेत.

पहिला आक्षेप असा की, ब्रिटिश प्रवाह चार मानले तरी वसाहतकार केवळ ब्रिटिश नव्हते. न्यू यॉर्कची पायाभरणी डचांनी केली. १६६४ साली ती वसाहत इंग्रजांच्या हाती गेली तरी 'बॉस' आणि 'कुकी' यांसारखे डच शब्द अमेरिकन इंग्रजीत राहिले. सीमाप्रदेशातील ओंडक्यांचे घर हे अल्स्टरच्या लोकांचे प्रतीक मानले जाते. पण अल्स्टरमध्ये तसली घरे नव्हती. ती पद्धत १६३८ पासून डेलावेअरच्या काठी वसलेल्या स्वीडिश व फिनिश लोकांकडून आणि त्यांच्यानंतर आलेल्या जर्मनांकडून घेतलेली होती. दक्षिण कॅरोलिनाची वसाहत तर १६७० साली मोठ्या प्रमाणात बार्बेडोस बेटावरील मळेवाल्यांनी घडविली, आणि तिचा गुलामविषयक कायदाही त्या बेटाच्या कायद्यावर बेतलेला होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. व्हर्जिनियात १६१९ साली पहिले आफ्रिकन आणले गेले, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या स्थापनेच्या अकरा वर्षे आधी. पहिल्या वसाहतीचे महत्त्व मानायचे तर या लोकांना तिच्यातून वगळण्याचे कारण काय? लॉरेन्झो डाउ टर्नर यांनी १९४९ साली दक्षिण कॅरोलिना व जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील गला बोलीत आफ्रिकन भाषांचा वारसा दाखवून दिला. पीटर वुड यांनी १९७४ साली दक्षिण कॅरोलिनातील भातशेतीमागे आफ्रिकन कौशल्य होते असे प्रतिपादन केले. ॲपलेशियन संगीताची खूण मानले जाणारे बँजो हे वाद्यही आफ्रिकन मूळचे आहे. शार्प यांना इंग्लंडची गीते हवी होती. ती त्यांनी शोधली आणि ती त्यांना मिळाली. त्याच डोंगरांत कृष्णवर्णीयांचे काय संगीत होते याकडे त्यांचे लक्ष गेले नाही. संग्राहकाची दृष्टी परंपरेचा नकाशा कसा आखते, हे लोकवाङ्मयाच्या प्रत्येक अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. स्वतः फिशर यांनीही २०२२ साली 'आफ्रिकन फाउंडर्स' हा स्वतंत्र ग्रंथ लिहून ही उणीव काही अंशी भरून काढली.

तिसरा आक्षेप 'रिकाम्या' भूमीच्या कल्पनेवर आहे. ती भूमी रिकामी नव्हती. अँड्रू जॅक्सन यांच्या कारकिर्दीत १८३० साली आदिवासींच्या स्थलांतराचा कायदा झाला, आणि १८३८-३९ च्या हिवाळ्यात सुमारे १६,००० चेरोकी लोकांना पश्चिमेकडे हाकलण्यात आले, तेव्हा त्यांतील सुमारे ४,००० दगावले असे मानले जाते. पहिली परिणामकारक वसाहत ही बहुधा आधीच्या वसाहतीचे उच्चाटन करूनच परिणामकारक झालेली असते.

चौथा आक्षेप तत्त्वाचा आहे आणि भारतीय अभ्यासकाला तो विशेष जाणवावा. 'बीज' ही उपमा स्वीकारली की माणसाचे आचारविचार त्याच्या जन्मावरून ठरतात असे म्हणण्याचा मोह होतो. जन्मावरून गुण ठरविण्याची किंमत किती मोठी असते हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. येथे अब्राहम लिंकन यांच्या घराण्याचा प्रवास उद्बोधक आहे. त्यांचे पूर्वज सॅम्युएल लिंकन हे १६३७ साली नॉरफोकमधील हिंगम गावातून मॅसॅच्युसेट्समधील हिंगमला आले. त्यांचे वंशज न्यू जर्सी व पेन्सिल्व्हेनियात गेले, तेथून व्हर्जिनियातील शेनँडोआ खोऱ्यात आणि पुढे केंटकीत. तेथे १८०९ साली अब्राहम जन्मले. रक्ताचाच हिशेब करायचा तर हे घराणे प्यूरिटन. परंतु बोली, उपासना आणि राहणी यांनी ते प्रत्येक मुक्कामी त्या त्या मुलखाचे होत गेले. याच्या उलट, आयरिश कॅथलिकांची बॉस्टनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रीघ लागली. प्यूरिटनांना न रुचणारा त्यांचा धर्म, पण त्यांनी त्या नगराच्या संस्था आपल्याशा केल्या, आणि १८८४ साली त्यांच्यातील ह्यू ओब्रायन नगराचे महापौर निवडून आले. वंश बदलले, संस्था चालू राहिल्या.

या आक्षेपांनी मूळ उपपत्ती खोटी ठरत नाही. तिला मर्यादा पडते आणि ती अधिक अचूक होते. प्रदेशाचे वैशिष्ट्य टिकविणारी शक्ती शाळेच्या कायद्यात, जमीन मोजण्याच्या रीतीत, सभेच्या नियमांत आणि देवघेवीच्या शब्दांत असते. त्यांच्यात जो कोणी येतो, त्याला त्या घडवितात, आणि तोही त्यांना थोडेसे बदलतो.

५

मराठी वाङ्मयाशी या साऱ्याचा संबंध काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. एकोणिसाव्या शतकातील मराठी माणसाला जी अमेरिका भेटली, ती वरील चार प्रवाहांपैकी मुख्यतः दोघांची होती, असे पुराव्यांवरून दिसते.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ युनायटेड स्टेट्समधील सदाचारी लोकांना अर्पण केला. गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखविलेल्या औदार्याचा व स्वार्थत्यागाचा तो गौरव होता. हे सदाचारी लोक कोण? इतिहासात त्यांचा माग काढला तर तो फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनपर्यंत जातो. तेथे १६८८ साली चार क्वेकरांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदविला. त्यांच्या पंथसभेने त्या वेळी तो बाजूला ठेवला. गुलाम बाळगणाऱ्यास पंथात स्थान नाही असा निर्णय व्हायला १७७६ साल उजाडले. १७८० साली पेन्सिल्व्हेनियाने क्रमशः मुक्तीचा कायदा केला. १८३१ साली बॉस्टनहून विल्यम लॉइड गॅरिसन यांचे 'लिबरेटर' पत्र निघू लागले, आणि १८३३ साली फिलाडेल्फियात अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्था स्थापन झाली. अर्थात या परंपरेत कृष्णवर्णीयांचा स्वतःचा वाटा निर्णायक होता. दास्यातून पळून १८३८ साली मॅसॅच्युसेट्सला पोहोचलेले फ्रेडरिक डग्लस आणि यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात लढलेले सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक यांच्यावाचून तो इतिहास पुरा होत नाही. फुले यांनी संबोधिलेले लोक हे त्या देशातील सर्व लोक नव्हते. 'सदाचारी' हे विशेषण योजून त्यांनी स्वतःच ती निवड केलेली आहे. विशिष्ट प्रदेशांत, विशिष्ट संस्थांतून, दीर्घ अंतर्गत कलहानंतर घडलेल्या एका परंपरेला ते अभिवादन होते.

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडल्या. हे महाविद्यालय १८५० साली स्थापन झाले, आणि त्याच्या उभारणीत क्वेकरांचा मोठा हात होता. पहिल्या तुकडीत शिकलेल्या आणि १८६६ साली त्याच महाविद्यालयाच्या अधिष्ठाता झालेल्या ॲन प्रेस्टन या क्वेकर होत्या. स्त्रियांना वैद्यक शिकविणारे असे महाविद्यालय याच नगरात निघावे हा योगायोग म्हणता येणार नाही. ज्या पंथाच्या सभेत दोनशे वर्षे स्त्री उभी राहून बोलत होती, त्याच्या मुलखात ती रुग्णाच्या उशाशी वैद्य म्हणून उभी राहणे तुलनेने सोपे होते. आनंदीबाईंच्या वेळी अधिष्ठाता असलेल्या रेचल बॉडली यांनी पुढे पंडिता रमाबाईंच्या इंग्रजी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली.

रमाबाई आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला आल्या आणि १८८८ पर्यंत अमेरिकेत राहिल्या. त्यांचा 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हा ग्रंथ १८८७ साली त्याच नगरात छापला गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये बॉस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली आणि युनिटेरियन धर्मोपदेशक एडवर्ड एव्हरेट हेल तिचे अध्यक्ष झाले. ठिकठिकाणी स्थापन झालेल्या 'रमाबाई मंडळां'तून दहा वर्षे वर्गणी गोळा करण्याचे ठरले, आणि त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. धर्मसंस्थेच्या आधाराने चालणारी, पण सामान्य गृहस्थांच्या ठरावीक वर्गणीवर व सभांवर उभी असलेली ही संघटनेची रीत न्यू इंग्लंडच्या अंगवळणी पडलेली होती. प्यूरिटनांच्या आणि क्वेकरांच्या प्रदेशांत घडलेल्या या संस्थारीतींचा लाभ अशा तऱ्हेने मुंबईतील बालविधवांपर्यंत पोहोचला. इंग्लंडच्या कोणत्याही परगण्याशी त्यांचे काडीचे नाते नव्हते.

रमाबाईंनी १८८९ साली प्रसिद्ध केलेले 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. शिक्षण, स्त्रियांच्या संघटना, धर्मादाय संस्था यांचे जे उत्साहाने भरलेले चित्र त्यात आहे, त्याचे मध्यवर्ती रंग फिलाडेल्फिया आणि बॉस्टन या दोन नगरांच्या परंपरांतले आहेत. मात्र रमाबाईंची दृष्टी भाबडी नव्हती. कृष्णवर्णीयांविषयीचा द्वेष आणि मूळ रहिवाशांवरील अन्याय यांची नोंदही त्यांनी त्याच पुस्तकात केली. म्हणजे वर सांगितलेल्या आक्षेपांपैकी दोन आक्षेप एका मराठी लेखिकेने 'ॲल्बियन्स सीड'च्या शंभर वर्षे आधी आपल्या वाचकांपुढे ठेवले होते.

६

या विवेचनातून अभ्यासाच्या पद्धतीसंबंधी दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, 'अमेरिकन प्रभाव' असे लिहिण्यापूर्वी तो कोणत्या प्रदेशातून, कोणत्या संस्थेच्या द्वारे आला हे विचारले पाहिजे. एमर्सन, थोरो आणि हॉथॉर्न या मॅसॅच्युसेट्सच्या तीन लेखकांवरून सबंध देशाचे मन सांगणे हे एखाद्याने पुण्याच्या तीन लेखकांवरून सबंध भारताचे मन सांगण्यासारखे आहे. दुसरी गोष्ट अशी की, प्रदेशाचा शोध घेताना तो वंशाचा शोध होऊ देता कामा नये. ज्यांनी शाळा काढली त्यांची नावे इतिहासात राहतात. परंतु त्या शाळेचा दरवाजा पुढे कोणासाठी उघडेल हे त्यांच्या हातात राहत नाही. पूर्व इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी आणि उत्तर-मध्य इंग्लंडच्या विणकऱ्यांनी आपल्या मुलाबाळांसाठी जे उभारले, त्यातले काही कल्याणच्या एका मुलीच्या उपयोगी पडले. संस्कृतीच्या वारशाचा हिशेब मांडताना अशा अनपेक्षित वारसांची नोंद पहिल्या पानावर झाली पाहिजे.